पुरे म्हणणारं पान

सोयाबीनचं झाड मुळासकट हवं असेल तर ते उपटायचं नसतं. खोडाला धरून ओढलं की बारीक मुळं तुटतात आणि ज्या गाठी मोजायच्या त्याच मातीत राहून जातात. झाडापासून वीतभर लांब कुदळ घालायची, अख्खं ढेकूळ उचलायचं आणि बादलीभर पाण्यात तासभर सोडून द्यायचं. माती आपसूक सुटते. मामांना हे मी पहिल्यांदा सांगितलं त्याला वीसेक वर्षं झाली. तेव्हापासून श्रावणातल्या शेवटच्या रविवारी ते पूर्णाकाठच्या गावाहून आमच्याकडे येतात ते ओल्या पोत्यात डझनभर झाडं गुंडाळूनच.

त्यांचं येणं असतं कावडीसाठी. राजराजेश्वर हे अकोल्याचं ग्रामदैवत आणि त्याचं मंदिर आमच्या जुन्या शहरात. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून त्याला अभिषेक करतात. सतरा-अठरा किलोमीटरची वाट. मंडळं रात्रभर चालतात आणि उजाडल्यावर ढोलांचा आवाज असदगडाच्या बाजूने गल्लीत शिरू लागतो. घरात पाहुणे, ओसरीवर चपलांचा ढीग, चुलीवर मोठं पातेलं. आणि मागे मोरीपाशी मी, मामांची झाडं धूत बसलेली. घरच्यांना आता त्यात नवल वाटत नाही.

यंदाची बारा झाडं धुऊन वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. प्रत्येकाच्या खोडाला मामांनी दोरा बांधलेला, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. पन्नास-पंचावन्न दिवसांचं पीक, शेंगा धरू लागलेलं. गाठ ब्लेडने मधोमध कापली की आत गुलाबी रंग दिसला पाहिजे. तो लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलत भावाचा. गुलाबी म्हणजे गाठ कामाला लागलेली आहे, हवेतलं नत्र धरते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर रिकामी. पहिल्या झाडावर ४२, दुसऱ्यावर ३८, तिसऱ्यावर ५१. असं करत नवव्या झाडापाशी आले आणि हात थांबला. नवव्यावर सातच गाठी होत्या. आणि बाराही झाडांत हिरवंगार, टवटवीत तेच.

तो आकडा वहीत लिहून मी पुढे गेले. मामा बाहेर कावड पाहत उभे होते.

मोजण्याची ही सवय मला कृषी विद्यापीठात लागली. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं हे विद्यापीठ १९६९ मध्ये अकोल्यात सुरू झालं. मी तिथे एम.एस्सी. करत होते तेव्हा रोज सायकलने मोर्णा नदी ओलांडून जायचे. जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांतून एकदम त्या मोकळ्या प्रक्षेत्रावर गेलं की डोळे मोठे व्हायचे. माझा विषय साधा होता: सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम किती चोळावं? २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला, ही शिफारस. गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियाण्यावर हलक्या हाताने फिरवायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. मी कुंड्यांच्या रांगा लावल्या. एका रांगेत बिनचोळलेलं बी, एका रांगेत अर्धी मात्रा, मग एकपट, दुप्पट, चौपट. पाच आठवड्यांनी मोजणी. बिनचोळलेल्या बियाण्यात गाठी तुरळक होत्या, अर्ध्या मात्रेत बऱ्या, एकपटीत भरपूर. आणि पुढे काहीच वाढलं नाही. दुप्पट घाला, चौपट घाला, आकडा तिथेच घुटमळत राहिला. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. पुन्हा मोजलं, मग पुढच्या तुकडीत पुन्हा सगळं केलं. तेच.

सरांकडे वही घेऊन गेले. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. झाड मोजतं.”

ते सहज बोलले असतील. माझ्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं. झाड मोजतं म्हणजे कशाने मोजतं? मूळ जमिनीत इथे-तिथे पसरलेलं असतं. इकडच्या मुळाला तिकडे किती गाठी झाल्या हे कळतं कसं? आणि कळल्यावर पुरे असं म्हणतं कोण?

याचं उत्तर २००३ साली आलं आणि त्या एका वर्षात दोन्ही टोकांची उत्तरं आली. एक स्वागताचं, दुसरं निरोपाचं. दोन्हीच्या मुळाशी एकाच कुळातली प्रथिनं होती.

या कुळाला रिसेप्टर-लाइक कायनेज म्हणतात. प्रत्येकाचे तीन भाग. एक पेशीच्या बाहेर, दुसरा पेशीच्या पातळ पटलातून आरपार गेलेला, तिसरा आत. आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंतीत एक लाकडी खुंटी होती, भिंत भेदून पलीकडे निघालेली. बाहेरून तिला हात लागला की आतल्या खोलीत तिच्यावर टांगलेलं दप्तर हलायचं. कुणीही भिंतीतून आत आलेलं नसायचं, पण आत कळायचं. या प्रथिनांचं तसंच आहे. संकेत बाहेरच राहतो. तो बाहेरच्या भागाला टेकला की दोन प्रथिनं एकमेकांच्या जवळ ओढली जातात, आत त्यांचे कायनेज भाग शेजारी येतात आणि एकमेकांवर फॉस्फेटचे कण बसवतात. फॉस्फेट बसलं की प्रथिनाचा आकार आणि स्वभाव बदलतो. ते पुढच्याला जागं करतं, पुढचं त्याच्या पुढच्याला. काही मिनिटांत कॅल्शियम आत घुसतं आणि थोड्या वेळाने केंद्रकातली जनुकं चालू-बंद होऊ लागतात.

पहिलं असं प्रथिन १९९० साली जॉन वॉकर आणि रेन झांग यांना मक्यात सापडलं. नावातला ‘लाइक’ हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. प्राण्यांच्या पेशींवर अशी ग्राही प्रथिनं असतात हे ठाऊक होतं. मक्यातलं हे त्यांच्यासारखं दिसत होतं, पण ते नेमकं काय ओळखतं हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून नुसतं ‘ग्राहीसारखं’. माणसाच्या पेशींवर ग्राही असलेली टायरोसिन कायनेजं ५८ आहेत. अॅराबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं एक टीचभर झाड आहे, त्यात रिसेप्टर-लाइक कायनेजं ६०० हून जास्त. भातात ११०० च्या वर. जे पळू शकत नाही, ज्याच्या अंगात रोगाशी लढायला फिरत्या पांढऱ्या पेशी नाहीत, त्याच्या प्रत्येक पेशीला आपल्या उंबरठ्यावर स्वतःच पहारा द्यावा लागतो.

झाडांना भावना असतात, झाडांना संगीत आवडतं, असं हौसेने लिहिलेलं मी खूप वाचलं आहे. जगदीशचंद्र बोसांचं नाव त्यात हमखास येतं. बोसांनी झाडांच्या हालचाली आणि विद्युत् प्रतिसाद मोजण्यासाठी स्वतः यंत्रं बनवली, आयुष्यभर मोजमापं केली. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. म्हणूनच त्यांच्या नावावर हळवेपणा खपवलेला मला सोसत नाही. झाडाला माणसासारखं केलं की त्याचं स्वतःचं जे विलक्षण आहे ते झाकलं जातं.

आता स्वागताचं उत्तर. सोयाबीनचं मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं. जिवाणूला त्यांची चाहूल लागते आणि तो आपल्या बाजूने एक रेणू बनवतो. त्याला नॉड फॅक्टर म्हणतात. मुळावरच्या केसाला तो टेकतो, केस वाकडा होऊन जिवाणूला आपल्या मिठीत घेतो, आणि एक बारीक बोगदा तयार होऊन जिवाणू आत जातो. तो रेणू ओळखणारी दोन प्रथिनं डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या गटाने लोटस या रानटी शेंगावर्गीय झाडात २००३ साली शोधली: एनएफआर-१ आणि एनएफआर-५. दोघं जोडीने काम करतात. गंमत अशी की एनएफआर-५ च्या आतला कायनेज भाग चालतच नाही. फॉस्फेट बसवण्याचं काम एकट्या एनएफआर-१ चं. पण एकाला काढून टाका, दुसऱ्याला काही करता येत नाही.

सोयाबीनचं एक जुनं कोडं त्यातून सुटलं. अजिबात गाठी न येणारं सोयाबीन अमेरिकेत १९५४ सालीच नोंदलेलं होतं. शेजारच्या झाडाने हवेतून किती नत्र मिळवलं हे काढायचं तर तुलनेला तेच पेरायचे. पुढे कळलं की त्याचं एनएफआर-१ मोडलेलं होतं. जिवाणू दारात येऊन उभा, आणि झाडाला ऐकूच येत नव्हतं.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. नॉड फॅक्टरचा कणा ज्या साखरेचा असतो, त्याच साखरेचं कायटिन असतं; बुरशीची भिंत कायटिनचीच. मित्राच्या रेणूत त्या साखरेच्या चार-पाच कड्या आणि एक स्निग्ध शेपूट. शत्रूच्या भिंतीतून सुटलेल्या तुकड्यात सात-आठ कड्या, शेपूट नाही. आणि दोघांना ओळखणारी ग्राही प्रथिनं सख्ख्या बहिणींसारखी. आरहूसच्याच गटाने २०२० साली दाखवलं की बाहेरच्या भागातले अगदी लहान तुकडे बदलले तर बुरशीसाठी ठेवलेलं प्रथिन जिवाणूचं स्वागत करू लागतं. मर रोगाची बुरशी आणि नत्र देणारा जिवाणू, दोघं एकाच मातीतून, जवळजवळ एकाच वेषात, त्याच मुळाशी येतात. मामांच्या वावरात दर पावसाळ्यात हे चाललेलं असतं, आणि झाडाला क्षणात ठरवायचं असतं.

हे ठरवणं मी प्रत्यक्ष उजेडाच्या रूपात पाहिलं. एम.एस्सी.नंतर काही वर्षं मी दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत काम केलं. पानाच्या चार मिलिमीटरच्या चकत्या काढायच्या, प्लेटच्या एकेका खळग्यात पाण्यावर ठेवायच्या, ल्युमिनॉल घालायचं, आणि मग कायटिनचा किंवा जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा तुकडा. हा दुसरा तुकडा अवघ्या २२ अमिनो आम्लांचा, आणि त्याला ओळखणारं एफएलएस-२ हे प्रथिन २००० साली सापडलेलं. पेशीने ओळख पटवली की ती बाहेरच्या बाजूला ऑक्सिजनची दाहक रूपं सोडते आणि त्यांच्यामुळे ल्युमिनॉल चमकतं. डोळ्यांना दिसत नाही इतकं मंद; काळोख्या पेटीतलं यंत्र ते मोजतं. पडद्यावर रेघ दहा-पंधरा मिनिटांत चढते आणि तासाभरात खाली येते.

माझ्या पहिल्या आठवड्यात रेघ चढलेलीच असायची. काहीही न घातलेल्या खळग्यातसुद्धा. रसायनं बदलली, पाणी बदललं, पानं बदलली. तिथे वीस वर्षं काम केलेल्या एक बाई होत्या, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. त्यांनी मला विचारलं, चकत्या कधी काढल्यास? म्हटलं, आत्ता. त्या म्हणाल्या, कापलेलं पान आहे ते, त्याला आधी रात्रभर शांत होऊ दे. जखम हाही संकेतच. त्या जखमेच्या आवाजात मी दुसरा आवाज ऐकायला बसले होते. त्या दिवसापासून संध्याकाळी चकत्या काढून, पाण्यावर ठेवून, झाकून मी घरी जाऊ लागले. सकाळी प्लेट यंत्रात ठेवली की पहिली काही मिनिटं रेघ जमिनीलगत सपाट चालायची. ती सपाट रेघ बघताना मला जे समाधान मिळायचं ते नंतरच्या चढत्या रेघेनेही मिळालं नाही.

भातातल्या एक्सए-२१ ची कथा आम्हांला तिथेच कळली. पामेला रोनाल्ड यांच्या गटाने १९९५ साली हे जनुक वेगळं केलं. ते मूळचं आफ्रिकेतल्या एका रानटी भाताचं, आणि पानं करपवणाऱ्या जिवाणूला अडवणारं. जनुक हातात आलं, पण ते नेमकं काय ओळखतं हे कळायला पुढे वीस वर्षं लागली. मध्ये एक उत्तर मिळालंसं वाटलं होतं; मग त्यांच्याच प्रयोगशाळेत लक्षात आलं की जिवाणूंच्या वाणांची सरमिसळ झाली होती आणि एक चाचणीही भरवशाची नव्हती. २०१३ साली त्यांनी ते शोधनिबंध उघडपणे मागे घेतले, पुन्हा पहिल्यापासून काम केलं आणि २०१५ साली खरा रेणू सापडला. तोवर भारतात हे जनुक शेतात पोचलेलंही होतं. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राने मिळून, संकर आणि निवडीने, ते सांबा महसुरीत आणलं; तो सुधारित वाण २००८ साली प्रसारित झाला. शेतकऱ्याला संकेत कोणता याचा पत्ता नव्हता, शास्त्रज्ञांनाही नव्हता, आणि भात मात्र उभा राहत होता. चिठ्ठी नीट लिहिण्याचा, दोन वेळा वाचण्याचा माझा हट्ट त्या मागे घेतलेल्या निबंधांवरून आला. मामांच्या दोऱ्यावरच्या चिठ्ठ्या हे त्याचंच पुढचं टोक.

निरोपाचं उत्तर, म्हणजे ‘पुरे’ कोण म्हणतं त्याचं, ऑस्ट्रेलियातून आलं. पीटर ग्रेसहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली ब्रॅग जातीच्या सोयाबीनमधून अशी झाडं निवडून काढली होती की ज्यांना गाठींची हद्दच नव्हती. त्याच गटाने २००३ साली बिघडलेलं जनुक शोधलं: नार्क. पुन्हा रिसेप्टर-लाइक कायनेजच. त्याचं सर्वांत जवळचं नातं क्लॅव्हाटा-१ शी, जे खोडाच्या शेंड्यावर बसून वाढत्या पेशींची संख्या आटोक्यात ठेवतं. एका ठिकाणी ‘पुरे’ म्हणणाऱ्याचा भाऊ दुसऱ्या ठिकाणी तेच काम करत होता.

पण नार्कचं काम चालतं पानात. गाठी मुळावर, मोजणारं पान!

हे मी वाचलं होतं. तरी हाताने करून बघितल्यावाचून मला ते पटणार नव्हतं. प्रयोगशाळेत त्या बेबंद वाणाचं थोडं बी होतं. आठ-दहा दिवसांची रोपं घ्यायची, दाढीच्या ब्लेडने खोड आडवं कापायचं, वरच्या तुकड्याला पाचर करायची, खालच्यात चीर द्यायची, बसवायचं, बारीक नळीने आवळायचं आणि प्लॅस्टिकच्या झाकणाखाली दमट हवेत आठवडाभर ठेवायचं. चार प्रकार: साध्या मुळावर साधा शेंडा, साध्या मुळावर बेबंद शेंडा, बेबंद मुळावर साधा शेंडा, बेबंद मुळावर बेबंद शेंडा. पहिल्या खेपेला निम्मी कलमं कुजली. दुसऱ्या खेपेला हात बसला. शेवटी सव्वा महिन्याने मुळं धुतली.

साध्या मुळावर बेबंद शेंडा असलेलं झाड मी पाण्यातून वर काढलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. उंबराच्या खोडावर फळं लगडतात तशी मुळं गाठींनी लगडलेली होती, मूळ दिसतच नव्हतं. मूळ तर साधंच होतं. आणि बेबंद मुळावर ज्याला साधा शेंडा मिळाला होता, त्याच्यावर मोजक्या गाठी. मी चारही झाडं शेजारी शेजारी ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. सरांच्या वाक्याचं उत्तर माझ्यासमोर ओल्या कागदावर पडलं होतं.

उंबरासारखं लगडलेलं ते झाड काही जोमदार नव्हतं. खुजं राहिलं, मुळं आखूड. नत्राचा एक रेणू फोडायला गाठीला १६ एटीपी खर्चावे लागतात आणि ती सगळी शक्ती पानांनी बनवलेल्या साखरेतून येते. ज्याला पुरे म्हणता येत नाही ते झाड पाहुण्यांना जेवू घालता घालता स्वतः उपाशी राहतं.

पुढचे दुवे हळूहळू जुळत गेले. गाठ धरली की मूळ काही लहान पेप्टाइडं बनवतं. ती पाण्याबरोबर खोडातून वर जातात आणि पानातलं नार्क त्यांना ओळखतं. मग पान खाली काय पाठवतं? याचं उत्तर २०१८ साली लोटसमधून आलं, आणि त्याने मला कामातून उठवून खिडकीपाशी नेलं. पान एरवी सतत एक सूक्ष्म आरएनए खाली पाठवत असतं. तो मुळात पोचतो तोवर गाठी धरायला परवानगी असते, कारण तो टू मच लव्ह नावाच्या जनुकाला दाबून ठेवतो. हे नावही जपानी शास्त्रज्ञांनी फार नेमकं ठेवलं आहे. ते जनुक मोडलं की झाड जिवाणूंवर अति प्रेम करू लागतं. गाठी पुरेशा झाल्याचं पानाला कळलं की ते हा आरएनए पाठवणं कमी करतं. खाली दाबलेलं जनुक मोकळं होतं आणि नव्या गाठी थांबतात. म्हणजे पानाचं ‘पुरे’ हा पाठवलेला हुकूम नाही. रोज येणारं पत्र येईनासं झालं की मुळाला कळतं.

हे मामांना सांगायचं तर मी जेवणाची वेळ धरते. त्यांच्या पंचविशीपर्यंत घरच्या वावरात ज्वारी, पऱ्हाटी, तूर, मूग असायचा. सोयाबीन नंतर आलं आणि बघता बघता खरीप व्यापून गेलं. परक्या मुलखातलं पीक, त्याचा जिवाणूही आपल्या मातीत मुळात फारसा नव्हता, म्हणून ते पाकीट. पाकीट म्हणजे जिवंत जीव आहेत हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एका दुकानातून त्यांनी ते आणलं तेव्हा ते मे महिनाभर पत्र्याखालच्या फळीवर पडून होतं, अकोल्याच्या ४५ अंशांत. एका वर्षी बुरशीनाशक आणि रायझोबियम एकाच घमेल्यात कालवलं. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि शेवटी पेरणीच्या तोंडावर जिवाणू, हा क्रम पाकिटावर छापलेला असतो; पण ‘का’ छापलेलं नसतं. मला वाटतं शेतकऱ्याला ‘का’ सांगितलं तर क्रम सांगायची गरजच उरत नाही.

युरियाचं तसंच. जोराचा पाऊस होऊन वावरात पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं आणि हात युरियाकडे जातो. मी मामांना म्हटलं होतं, मुळाशी आयतं नत्र आलं की मूळ गाठीच्या वेळी बनवतं तसलंच पेप्टाइड बनवतं आणि नार्क तेही ओळखतं, या खेपेला पानातलं नव्हे, मुळातलंच. ग्रेसहॉफांची ती बेबंद झाडं आयतं नत्र मिळत असतानाही गाठी धरत राहायची, त्यांचं पहिलं नाव त्यावरूनच पडलं होतं. मामा घास थांबवून म्हणाले, “म्हंजे तिले आयतं भेटलं त ते कायले राबन?” माझ्या सगळ्या व्याख्यानापेक्षा ते अचूक होतं. मी पुढे कॉलेजात शिकवायला लागल्यावर हे वाक्य दरवर्षी वर्गात सांगत आले आहे, मामांच्याच बोलीत.

तर यंदाची गोष्ट. दुपारी शेवटच्या कावडी मंदिराकडे वळल्या, ढोल लांब गेले, मामा आत येऊन पाय धुऊन पाटावर बसले. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचला. नवव्यापाशी थांबले.

“सातच?”

“सातच. आणि सगळ्यात हिरवं तेच. कुठलं आहे हो हे, मामा?”

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटून पाहिली. मागे त्यांनी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: धुरा, वरतली बाजू.

“अवं, तिथं पऱ्हाटीचा युरिया ठेवला होता म्या, पेरणीच्या मांगं. पोतं फाटलं होतं खालून. तीन-चार किलो सांडलं असन, मी तसंच वखरून देल्लं.” मग जरा थांबून म्हणाले, “वहीत लिवलं काय तू?”

मी पेन घेतलं. नऊ, सात, युरिया, धुरा. मामांनी ते वाचलं, ‘धुरा’च्या पुढे ‘वरतली बाजू’ लिहायला लावलं, आणि मगच ताट पुढे ओढलं.